टाकी बाजूला, इंजिन कॅनवर: शिडाच्या बोटीच्या डिझेल पुरवठ्याच्या नोंदी

बोट ३० फुटी, एका डोलकाठीची. इंजिन यानमार २जीएम२०, दोन सिलिंडरचं, जुनं. मुक्काम गेटवेसमोरच्या मुरिंगवर (तळाला पक्क्या बांधलेल्या बोयावर). बोट यंदाच आमच्याकडे आली. डिझेलची टाकी तिच्यासोबत जशी आली तशीच आहे, कॉकपिटच्या (मागच्या उघड्या बसायच्या जागेच्या) खाली, वरून उघडायला झाकण नाही.

१३ ऑक्टोबर २०२४

पावसाळा संपून बोट पाण्यात उतरली. मुरिंगवर इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं आणि सुरळीत चाललं. बंदरातल्या सपाट पाण्यातही काही तक्रार नव्हती. कुलाब्याच्या टोकापलीकडच्या प्रॉन्ग्ज दीपगृहाच्या दिशेला नैर्ऋत्येकडची लांब लाट लागायला लागली तेव्हा मात्र आवाज बदलला. आरपीएम २४०० वरून आपोआप १८०० वर आले, परत चढले, परत उतरले आणि इंजिन बंद पडलं. काळा धूर नाही, तापमान ठीक, इंजिन गार करणारं पाणी बाहेर फेकणं व्यवस्थित. थोडा वेळ थांबून स्टार्टर दिला तर जणू काही झालंच नाही अशा थाटात सुरू. पुढे पुन्हा तेच.

दुपारी खारा वारा उभा राहिल्यावर शिडावर परत आलो. मुरिंगही शिडावरच धरलं.

असलं जुनं डिझेल इंजिन एकदा सुरू झालं की त्याला वीज लागत नाही. हवा आणि इंधन मिळालं की पुरे. गुदमरत, वरखाली होत बंद पडणं म्हणजे इंधन अपुरं पोचतंय. आणि थांबल्यावर आपोआप बरं होणं म्हणजे ओढ लागली की काहीतरी नळीच्या तोंडाशी येऊन बसतंय आणि ओढ थांबली की गळून पडतंय. मुरिंगवर ते दिसत नाही, कारण तळातला गाळ लाटेशिवाय ढवळला जात नाही.

१९ ऑक्टोबर

पहिल्या फिल्टरचा काचेचा वाडगा उघडला. तळाला पाणी, त्याच्यावर काळपट, शेंबडासारखा चिकट थर, वर डिझेल. बोटांत चोळला तर तेलकट लागत नाही, बुळबुळीत लागतो. फिल्टरची कागदी घडी काळी पडलेली. टाकीकडून येणारा होज (रबरी नळी) काढून त्यातून उलटी फुंकर मारली. आधी घट्ट अडलं, मग एकदम सुटलं आणि टाकीत बुडबुड्यांचा आवाज आला.

अर्धवट भरलेल्या टाकीत मुंबईचा पावसाळा काढला की असं होणारच. रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री गार होते, पत्र्यावर थेंब धरतात, पाणी तळाला जातं. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात तिथे बुरशी आणि जिवाणू वाढतात. हॉर्मोकोनिस रेझिनी ही त्यातली सगळ्यांत माहितीतली बुरशी. राहते पाण्यात, खाते डिझेल. जैवडिझेलचा अंश असेल तर इंधन ओलावा आणखी धरतं. जंतुनाशक टाकून ती मरते, पण मेलेला थर टाकीतच राहतो आणि लाटेवर तोच फिल्टरमध्ये येतो. त्यामुळे औषधावर ही गोष्ट भागणारी नाही. टाकी बाहेर काढावी लागेल.

टाकी काढायला बोट खाडीतल्या यार्डात न्यायला हवी, आणि न्यायची तर इंजिन चालायला हवं. शिवाय अजून एक प्रश्न उरतोच: दोष फक्त टाकीकडेच आहे की फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा), हाय प्रेशर पंप (ते जोरानं पुढे ढकलणारा), नोझल (सिलिंडरमध्ये फवारणारी) यांतही काही आहे? हे कळल्याशिवाय टाकीवर खर्च करण्यात अर्थ नाही. दोन्हींचं उत्तर एकच आहे. टाकी पूर्ण बाजूला ठेवायची आणि इंजिनाला स्वच्छ डिझेल कॅनमधून द्यायचं.

२० ऑक्टोबर

आखणी. इंजिन कॅनवर चालवणं कोळीवाड्यात रोजचं आहे; बाटलीतून नळी सोडून मच्छीमार बोटींची इंजिनं तपासलेली मी लहानपणापासून पाहतोय. तपासणीला ते पुरतं. पण ज्या व्यवस्थेवर बंदरातून जहाजांच्या वाटा ओलांडून जायचं आहे तिच्यात आणि पक्क्या व्यवस्थेत कारागिरीचा फरक असता कामा नये. तात्पुरतं आहे ते फक्त तिचं आयुष्य.

मार्ग असा ठरवला: २० लिटरचा कॅन, कॅनवरच कॉक (बंद-चालूची तोटी), नवा होज, नवा पहिला फिल्टर, मग इंजिनाचा फीड पंप, इंजिनावरचा बारीक फिल्टर, हाय प्रेशर पंप. नोझलची रिटर्न लाइन (न जळलेलं डिझेल परत आणणारी नळी) परत कॅनमध्ये. रिटर्न जुन्या टाकीतच सोडली तरी इंजिन चालेल, कारण एवढ्या छोट्या इंजिनाची रिटर्न थेंबाथेंबानंच येते. पण मग कॅनमधून गेलं किती आणि जळलं किती याचा हिशेब लागणार नाही, आणि तो हिशेब मला हवा आहे.

कॅन कुठे ठेवायचा यावर बराच विचार केला. इंजिनाच्या कप्प्यात जागा आहे, पण तिथे अजिबात नाही. आपल्याकडे पंपावर मिळणाऱ्या डिझेलचा ज्वलनांक (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते) किमान ३५ अंश सेल्सिअस असावा एवढीच अट आहे. जहाजांच्या इंधनाला साधारणपणे ६० अंशांची असते. इंजिनाचा कप्पा ३५ अंश केव्हाच ओलांडतो. डिझेलला पेट्रोलसारखं भ्यायचं कारण नाही हे खरं, पण गरम, बंद कप्प्यात प्लॅस्टिकचा कॅन ठेवणं मला पटत नाही. म्हणून कॅन कॉकपिटच्या डाव्या पेटीत, जिथे हवा खेळते, खाली रबरी चटई आणि दोन पट्ट्यांनी आवळून. भरलेला कॅन सतरा किलोच्या आसपास जातो. बोट कलली की तो सरकायला नको.

या जागी कॅन इंजिनाच्या वर येतो. फायदा असा की डिझेल स्वतःच्या वजनानं खाली येतं, फीड पंपावर भार नाही. दाब फार नाही. एक मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर जेमतेम ८३ ग्रॅम. पण धोकाही त्यातच आहे. होज निसटला तर सगळा कॅन बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, रिकामा होईल आणि आपोआप चालणारा बिल्ज पंप ते समुद्रात ओतेल. म्हणून कॉक कॅनलाच हवा, हात सहज पोचेल असा, आणि कॅनवर इंजिन चालू असताना बिल्ज पंपाचा ऑटो स्विच बंद. दुसरा धोका फीड पंपाच्या आत आहे. त्याचा डिझेल ढकलणारा लवचिक पडदा फाटला तर वरून येणारं डिझेल ऑइल चेंबरमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि बेअरिंग जातात. तेव्हा इंजिन बंद की कॉक बंद, आणि प्रत्येक वेळी आधी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) पाहायची.

२६ ऑक्टोबर

नागदेवी स्ट्रीटला खरेदी. आतून आठ मिलिमीटरचा, आयएसओ ७८४० छाप असलेला आगीला टिकणारा होज. दुकानदार पारदर्शक पीव्हीसी नळी पुढे करत होता. ती स्वस्त आणि आतले बुडबुडे दिसतात, पण डिझेलनं काही महिन्यांत कडक होते, क्लिपखाली तडकते आणि आगीत टिकत नाही. तिचा एक वीतभर तुकडा घेतला, फक्त तपासणीपुरता.

कॅनच्या जादा झाकणाला तीन भोकं पाडली: ओढ नळी, रिटर्न आणि हवा. हवेचं भोक विसरून चालत नाही. हवा आत आली नाही तर कॅन आतून ओढला जातो, गाल बसतात आणि थोड्या वेळानं इंजिन बंद पडतं. त्याला नळी लावून ती वर नेऊन खाली वळवली, म्हणजे पाण्याचा शिंतोडा आत जाणार नाही. ओढ नळी स्टेनलेस स्टीलची घेतली. तांब्याची वाकवायला सोपी, पण तांबं आणि जस्त दोन्ही डिझेलला लवकर खराब करतात, डिंकासारखा थर धरतो. नळीचं खालचं तोंड तिरकं कापलं आणि तळापासून दोन बोटं वर ठेवलं. सरळ कापलेलं तोंड तळाला चिकटून बसू शकतं, आणि तळाला टेकवलं तर कॅनमधलं पाणीही तेच आधी पिणार.

तांब्याचे वायसर नवे घेतले. जुने पुन्हा वापरायचे झाले तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकायचे, म्हणजे मऊ होतात. पण एवढ्याशा पैशांसाठी कशाला.

डिझेल बारीक जाळीच्या नरसाळ्यातून कॅनमध्ये भरलं आणि रात्रभर हलवलं नाही.

२७ ऑक्टोबर

जोडणी आणि नळ्यांत अडकलेली हवा काढणं. हे काम ज्यांनी केलं नसेल त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो, कारण बहुतेक लोक इथेच अडतात.

जुन्या टाकीचा होज पहिल्या फिल्टरवरून काढून बूच मारलं. नवा फिल्टर डिझेलनं भरूनच बसवला. कॅनचा कॉक उघडला. मग फीड पंपाचा छोटा दांडा अंगठ्यानं वरखाली करायचा. दांडा नुसताच सैल हलला, ओढ लागत नाही असं वाटलं तर पंप बिघडला असं समजू नये. इंजिनातला, पंप हलवणारा कॅम नेमका वर आलेला असतो आणि पंपाला चालच उरत नाही. क्रँक पुली एक फेरा फिरवली की दांड्याला लगेच जोर येतो.

इंजिनावरच्या बारीक फिल्टरचा स्क्रू सैल केला, खाली फडकं धरलं. आधी फेस, मग बुडबुडे मिसळलेलं डिझेल, मग एकसंध धार. धार येत असतानाच स्क्रू आवळायचा, नंतर नाही. तेच हाय प्रेशर पंपाच्या स्क्रूला. शेवटी दोन्ही नोझलचे नट अर्धा आटा सैल करून, थ्रॉटल पुढे ठेवून स्टार्टर. नटापाशी डिझेल झटक्यानं उसळायला लागलं की आवळायचं. तिथे बोट लावायचं नाही. दर चौरस सेंटिमीटरला दीडशे किलोच्या वरचा दाब आहे, बारीक फवारा कातडीच्या आत शिरतो आणि ती जखम वरून दिसते त्यापेक्षा फार वाईट असते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: स्टार्टर बराच वेळ मारायचा असेल तर इंजिन गार करायला येणाऱ्या समुद्राच्या पाण्याचा कॉक आधी बंद करायचा. इंजिन सुरू नसताना पाण्याचा पंप मात्र फिरतच असतो. धुराचा झोत नसल्यानं ते पाणी सायलेन्सरमध्ये साठत जातं आणि भरलं की उलटं सिलिंडरमध्ये येतं. हवा काढता काढता इंजिन मारून ठेवल्याच्या गोष्टी बंदरात पुष्कळ ऐकायला मिळतात. कॉक बंद केल्यावर इंजिनाच्या चावीला चिंधी बांधून ठेवतो. इंजिन सुरू झालं की आधी चिंधी सोडायची, पाणी उघडायचं, मग बाकीचं.

दुसरा नट आवळताच एक ठोका, मग दोन्ही सिलिंडर. सुरुवातीला पांढरट धूर, मग स्वच्छ.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. दुपारपर्यंत घरी, मग बोटीवर.

मुरिंगला बांधूनच गिअर टाकून इंजिनावर भार दिला. वीतभर पारदर्शक नळी फिल्टरच्या आधी बसवलेली होती. तीत टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे, एकामागून एक. इंजिनाच्या आवाजात काही फरक नाही, पण बुडबुडे आहेत म्हणजे कुठून तरी हवा शिरतेय, आणि ती वाढत जाते.

ओढणाऱ्या बाजूची गळती फसवी असते. तिथे आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी, म्हणून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. सगळा सांधा कोरडा ठणठणीत दिसतो. ससून डॉकवरचे एक जुने फिटरमामा सोबत होते. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, “दादा, इंजिन बंद करा, आणि कॅन आणखी वर घ्या. आता ओढ नाही, नुसता भार आहे. जिथून हवा घेते तिथूनच गळेल.” कॅन केबिनच्या छपरावर धरला, सगळे सांधे कोरडे पुसून टिश्यू पेपर गुंडाळले. पाच मिनिटांत कॉकच्या निपलवरचा (होज चढवायच्या टोकावरचा) कागद डागाळला. निपलच्या कडेला ओतीवकामाचा उभा ओरखडा होता, होज कितीही आवळला तरी त्यावर बसणारच नव्हता. निपल बदललं, बुडबुडे गेले.

एवढी साधी आणि एवढी अचूक तपासणी मी पुस्तकात वाचलेली नाही. टाकी इंजिनाच्या खाली असलेल्या बोटींवर तर ती फक्त कॅन लावूनच करता येते.

मग तासभर भारावर चालवलं. आरपीएम एकदाही डगमगले नाहीत. कॅनवर आधीच लिटरच्या खुणा केल्या होत्या; खप दीड लिटरच्या आसपास. ऑइल जिथल्या तिथे, डिझेलचा वास नाही. म्हणजे फीड पंपापासून नोझलपर्यंत सगळं निर्दोष. दोष टाकीकडेच आहे हे आता अंदाजानं म्हणत नाही.

९ नोव्हेंबर

अष्टमी, भांगाचे दिवस, पाण्याला ओढ कमी. बंदराबाहेरची चाचणी. मागच्या वेळी जिथे इंजिन बंद पडलं तिथेच नेलं. लाट तशीच, इंजिन ठाम. मग शिडं चढवून बोट वीस अंश कलवली आणि इंजिनही चालू ठेवलं. कॅन पाव उरला असताना डाव्या बाजूला कललं की ओढ नळीचं तोंड उघडं पडतं, पारदर्शक नळीत लगेच हवा दिसली. तेव्हा नियम ठरला: पाव कॅन उरला की बदलायचा, खालचं पाव हे इंधन धरायचंच नाही.

बदलायला दुसरा भरलेला कॅन तयार, त्यालाही तसंच झाकण आणि स्वतःचा कॉक, दोन्ही एका टी-जोडावर. आधी नव्याचा कॉक उघडायचा, मग जुन्याचा बंद. रिटर्न मात्र हातानं एका कॅनमधून दुसऱ्यात घालावी लागते. परत आल्यावर पारदर्शक तुकडा काढून सलग होज टाकला.

१७ नोव्हेंबर

बोट धरमतर खाडीतल्या यार्डात नेली. पौर्णिमा होऊन दोन दिवस झालेले, पाण्याला चांगला जोर, भरती दुपारी एकच्या सुमारास. खाडीत शिरताना चढतं पाणी हवं म्हणजे टेकलं तरी सुटता येतं, म्हणून सकाळी साडेदहाला मुरिंग सोडलं. वारा नव्हताच, पूर्ण वाट इंजिनावर. जहाजांची वाट ओलांडताना एक जण नुसता कॅनपाशी, हात कॉकजवळ. मांडव्याच्या लाँचचे हिंदकाळे बसले, रेवस-करंजापाशी खाडीच्या तोंडाशी उलटंसुलटं पाणी होतं, आणि या सगळ्यात आरपीएमचा काटा जागचा हलला नाही. इतके दिवस ज्या इंजिनावर आम्ही संशय घेत होतो ते किती चांगलं आहे हे त्या दोन तासांत कळलं. मला मनापासून आनंद झाला.

२४ नोव्हेंबर

टाकी बाहेर. कॉकपिटची फळी कापावी लागली. रिकामी डिझेल टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची. आत वाफ राहते. म्हणून ग्राइंडर लावण्याआधी ती धुवून पाण्यानं जवळजवळ भरली, मगच वरचा पत्रा कापला. आत आडवे पडदे (डिझेल हिंदकळू नये म्हणून घातलेले पत्रे), प्रत्येक कोपऱ्यात काळा साका, काही ठिकाणी सोलून निघणाऱ्या चामड्यासारखा. ओढ नळीच्या तोंडाला बारीक पितळी जाळी आणि ती तीन बाजूंनी बुजलेली. अशा जाळ्या मला चुकीच्याच वाटतात. कचरा पकडायचा तर जिथे हात पोचतो तिथे, फिल्टरमध्ये पकडावा. टाकीच्या पोटात पकडून उपयोग काय?

तळाचा पत्रा पाण्याच्या रेषेवर खड्डे पडून पातळ झालेला. दुरुस्ती नाही, नवी टाकी. ५०८३ प्रतीचं ॲल्युमिनियम, पडद्यांमधल्या प्रत्येक कप्प्यावर हात जाईल एवढं झाकण, तळाला पाणी साठायला खोलगट जागा आणि ते वरूनच पंपानं ओढून काढायला एक वेगळी नळी.

१५ डिसेंबर

नवी टाकी जानेवारीत मिळेल. तोवर यार्डात भाडं भरत पडून राहण्यापेक्षा बोट मुरिंगवर परत आणली, कॅनवरच. दुपारच्या भरतीला सुटून ओहोटीबरोबर खाडीबाहेर, पुढे वायव्येचा वारा मिळाल्यावर इंजिन बंद, कॉक बंद, शिडं.

टी-जोड काढायचा नाही असं ठरवलं आहे. नवी टाकी बसली की त्याची एक बाजू टाकीला, दुसरी कॉक आणि बुचासकट मोकळी. झाकण, दोन नळ्या आणि दोन पट्ट्या एका पिशवीत पेटीतच राहतील. टाकीत पुन्हा काही बिघडलं तर समुद्रावर दहा मिनिटांत इंजिन कॅनवर घेता येईल.

उरलेली कामं: टाकी आली की बसवण्याआधी ०.२ बार दाबाच्या हवेवर साबणाच्या पाण्यानं सांधे तपासणं. दोन्ही कॉकवर रंगानं खूण. होजवर बसवल्याची तारीख. इंजिनावरचा बारीक फिल्टर पहिल्या पन्नास तासांनी बदलणं. फीड पंपाचा जादा पडदा आणून ठेवणं. रिटर्न तोवर कॅनमध्येच.